यात्रेच्या मोटारीसाठी हवेचा कॉम्प्रेसर : निवड कशी करावी?



संघाच्या स्मरणिकेत बाजारपेठ, करआकारणी, वखारींची व्यवस्था अशा विषयांवरील लेख दरवर्षी येतात व ते यावेतच. यंदा मात्र आम्ही जो विषय हाती घेतला आहे तो दुकानाचा नसून प्रवासाचा आहे. विषय लहान आहे. एका हाताने उचलता येईल एवढ्या यंत्राचा आहे. तथापि त्याची निवड करताना आपल्या सभासदांची जी फसगत होताना आम्ही पाहतो, ती पाहून चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले. जो व्यापारी पोत्यात सळई खुपसून नमुना काढल्यावाचून गव्हाचा भाव बोलत नाही, तोच व्यापारी हवेचा कॉम्प्रेसर घेताना मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतो, ही गोष्ट आपल्या पेशाला शोभणारी नाही.

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली, शत्रुंजयाची यात्रा खुली झाली, की बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातील आपली कुटुंबे बाहेर पडतात, ती थेट वैशाख-ज्येष्ठापर्यंत. कोणी श्रवणबेळगोळ व धर्मस्थळाकडे जातात, कोणी आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी १९५५ साली जेथे झाली त्या कुंथलगिरीस, कोणी मांगीतुंगीस, तर कोणी गिरनार-आबूपर्यंत मजल मारतात. पूर्वी हा प्रवास आगगाडीने व धर्मशाळांच्या आधाराने होई. आता बहुतेकांच्या दारी मोटार आहे. दोन-तीन कुटुंबे मिळून टेंपो ट्रॅव्हलर भाड्याने घेतात, बरोबर शेगडी, गाळलेल्या पाण्याचे पिंप, अंथरूण-पांघरूण असते आणि वाटेत एखाद्या क्षेत्राच्या आवारात तळ पडतो. अमेरिकेत ज्याला फिरते घर म्हणतात, म्हणजे ज्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय आहे अशी कॅराव्हॅन, तीही आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली आणि अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या.

या सर्व गाड्या शेवटी टायरातील हवेवर उभ्या असतात. आणि हल्ली एक नवीच अडचण निर्माण झाली आहे. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीस ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन राहिले नाही. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत टाकीने मागची जागा व्यापलेली असते, विजेच्या काही गाड्यांतही स्टेपनी दिलेली नसते. गाडी घेताना रंग व आसने पाहणारा गृहस्थ मागचे झाकण उचलून स्टेपनी आहे की नाही हे पाहत नाही, आणि ती नाही हे त्याला रस्त्यावर समजते. अशा गाडीत कॉम्प्रेसर ही चैनीची वस्तू राहात नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे, व ती इतरांच्या सहसा ध्यानात येत नाही. दुपारी चार वाजता निर्जन रस्त्यावर टायर बसला, पंक्चरवाला येईपर्यंत दोन तास गेले, तर सामान्य प्रवाशाचा केवळ खोळंबा होतो. आपल्या गाडीत मात्र चौविहार करणारे वडीलधारे असतात. सूर्य मावळला म्हणजे अन्नही नाही व पाण्याचा घोटही नाही. अष्टमी-चतुर्दशीस एकासन करणाऱ्या एखाद्या वृद्ध मातोश्रींची ती एकच भोजनाची वेळ हुकली, तर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या निराहार राहतात, तेही वैशाखाच्या उन्हात दिवसभर प्रवास केल्यावर. व्रत मोडा असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी त्या ऐकणार नाहीत. चोर्ला घाटात किंवा बार्शीकडील आडरस्त्यावर असा प्रसंग आला म्हणजे दोन-अडीच हजारांच्या यंत्राची किंमत कळते.

आता यंत्राकडे वळू. कॉम्प्रेसर म्हणजे तत्त्वतः आपला सायकलचा पंपच होय. एक दट्ट्या नळकांड्यात खाली-वर होतो, बाहेरची हवा ओढून घेतो, ती दाबून आखडवितो व झडपेतून टायरात लोटतो. हाताऐवजी मोटर असते एवढाच भेद. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनविला, तेव्हापासून टायर किती तरी बदलले, पण त्यात हवा कोंबण्याची रीत मुळात तीच राहिली. सायकलचा पंप मारताना त्याचे खालचे टोक तापते, हे लहानपणी प्रत्येकाने अनुभवले आहे. ते केवळ घर्षणाने तापत नाही. हवा दाबली गेली की ती स्वतःच तापते. मोटारीच्या टायरात जावयाची हवा सव्वातीनपट दाबली जाते आणि झपाट्याने दाबल्यास ती उकळत्या पाण्याहून अधिक तापू शकते. या उष्णतेचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण स्वस्त व चांगल्या यंत्रातील खरा फरक तेथेच उघडा पडतो.

तत्पूर्वी आपल्या टायरास किती हवा लागते हे ठाऊक पाहिजे. गिऱ्हाईकाला माल किती हवा हेच माहीत नसेल तर काटा कितीही चांगला असून काय उपयोग? हवेचा दाब दर चौरस इंचास अमुक पौंड असा मोजतात. आपले पंक्चरवाले नुसतेच ‘तेहेतीस टाका’ म्हणतात, ते हेच पौंड. यंत्रावर याच मापास पीएसआय म्हटलेले असते. काही यंत्रांवर ‘बार’ असे माप असते. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. आपल्या गाडीस योग्य असलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पाटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस छापलेला असतो. पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, दोन-तीन माणसे असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा. यात्रेची गाडी नेहमीच पूर्ण भरलेली असते, किंबहुना आपल्या भगिनींचे डबे-पातेली धरता पूर्णाहून थोडी अधिकच. तेव्हा दुसरा आकडा घ्यावा. टायरच्या कडेवर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो त्या टायरास सोसवणारा जास्तीत जास्त दाब होय. तितकी हवा भरण्याची ती आज्ञा नव्हे. ही गफलत फार जण करतात.

दाब मोजावयाचा तो टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, किंवा फार तर एक-दीड किलोमीटर चालली असता. धावून तापलेल्या टायरात दाब चार-सहा पौंडांनी वाढलेला असतो. भर दुपारी पेट्रोल पंपावर थांबून, काटा ‘जास्त’ दाखवितो म्हणून हवा सोडून देणारे चालक आम्ही पाहिले आहेत. संध्याकाळी टायर निवला की तोच कमी हवेवर चालतो. याउलट हवामान थंड झाले की दाब उतरतो, दर १० अंशांस सुमारे दीड ते दोन पौंड. बेळगावात दुपारी भरलेली हवा माघ महिन्यात आबूच्या पहाटे तीन-चार पौंडांनी कमी भरली, तर टायर गळतो असे समजून घाबरू नये. तेथेच, गाडी हलविण्यापूर्वी, आपल्या कॉम्प्रेसरने ती पुरी करावी. घरचे यंत्र असण्याचा मोठा लाभ हाच, की टायर थंड असताना, जागच्या जागी, कोणाची वाट न पाहता हवा मोजता व भरता येते.

हवा कमी असली तर बिघडते काय, असे पुष्कळांना वाटते. उलट गाडी मऊ चालते. परंतु कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात कडेला अधिक वाकतो व पुन्हा सरळ होतो. तार वाकवून-वाकवून जशी तापते व तुटते तसे त्या कडेचे होते. वेग जास्त, ओझे जास्त आणि रस्ता तापलेला असे तीन योग जुळून आले म्हणजे टायरचे थर सुटतात आणि तो फुटतो. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यानंतर तेथे झालेल्या अपघातांमुळे २०२३ साली परिवहन खात्यास त्या रस्त्यावर टायरांची तपासणी सुरू करावी लागली, हे वाचकांस स्मरत असेल. तासन् तास एकाच वेगाने गाडी पळविता येईल असे रस्ते झाले, म्हणून टायरच्या हवेस आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

आता खोक्यावरील आकड्याविषयी. बाजारातील जवळजवळ प्रत्येक कॉम्प्रेसरवर ‘१५० पौंड’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. गिऱ्हाईक म्हणते, आपल्याला ३३ पौंड पुरे, हे तर १५० देते, म्हणजे पाचपट उत्तम! आमचे स्पष्ट मत असे आहे की खोक्यावरील सर्व आकड्यांत हा आकडा सर्वांत निरुपयोगी होय. यंत्र कमाल किती दाबापर्यंत जाऊ शकते एवढेच तो सांगतो. तेथवर जाण्यास किती वेळ लागेल, आणि तोवर यंत्र जळणार तर नाही, हे तो सांगत नाही. हमाल शंभर किलोचे पोते एकदा उचलू शकतो, यावरून तो दिवसभरात किती पोती वाहील हे कळते काय?

विचारावयाचे ते दोन प्रश्न. हे यंत्र एका मिनिटास किती लिटर हवा देते? आणि सलग किती मिनिटे चालविता येते व त्यानंतर किती वेळ विसावा द्यावा लागतो?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब आपण स्वतः मांडू शकतो. मध्यम मोटारीच्या एका टायरच्या पोटात सुमारे ३० लिटर जागा असते. वातावरणाचा नेहमीचा दाब १४.७ पौंड. टायरात २३ पौंड उरले आहेत व ३३ करावयाचे आहेत, म्हणजे १० पौंड वाढवावयाचे. १० भागिले १४.७ गुणिले ३०, म्हणजे बाहेरची सुमारे २० लिटर हवा आत लोटावी लागेल. टायर पूर्ण बसलेला असेल तर ६७ लिटर. मोठ्या जीपवजा गाडीच्या टायरची जागा ५५ लिटरच्या आसपास जाते, तेव्हा सगळे आकडे जवळजवळ दुप्पट धरावे. खोक्यावर ‘मिनिटास ३५ लिटर’ असे लिहिले असेल तर वीस लिटर अर्ध्या-पाऊण मिनिटात जावेत. पण येथे आपल्या बाजारातला कडता कापावा लागतो! तो ३५ लिटरचा आकडा बहुधा नळी मोकळी सोडून, पुढे काहीही अडथळा नसताना काढलेला असतो. टायरातला दाब जसजसा वाढतो तसतशी यंत्राची धाव कमी होते. म्हणून ३० पौंडांच्या आसपास मिनिटास किती, असे विचारावे. चांगले उत्पादक माहितीपत्रकात हा आकडा देतात. दिलेला नसेल तर एक सोपी कसोटी आहे : ‘अमुक मापाचा टायर शून्यापासून अमुक पौंडांपर्यंत इतक्या मिनिटांत भरतो’ असे वाक्य पाहावे, आणि त्यात टायरचे माप आपल्या गाडीचे आहे की सायकलचे, हेही पाहावे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. वर सांगितल्याप्रमाणे हवा दाबली की तापते. हलक्या यंत्रात नळकांडे लहान, त्यातून उष्णता बाहेर जाण्यास वाव थोडा, आत प्लॅस्टिकचे दाते. त्यावर लिहिलेले असते की दहा मिनिटे चालवा व पंधरा मिनिटे थांबवा. हे वाक्य बारीक अक्षरांत असते, पण सगळ्या माहितीपत्रकातले तेच खरे महत्त्वाचे. मोटारीच्या चार टायरांत थोडी-थोडी हवा भरावयाची तर ८०-८५ लिटरांत काम भागते, म्हणून असे यंत्रही पुरते. पण टेंपो ट्रॅव्हलर किंवा कॅराव्हॅनचा हिशेब मांडून पाहा. टायर ५५ लिटरचा, दाब ५० वरून ७० पौंडांवर न्यावयाचा; एका टायरास ७५ लिटर हवा. मागे जोडचाके असली तर चाके सहा, म्हणजे ४५० लिटर. हलक्या यंत्राची धाव एवढ्या दाबास मिनिटाला १५ लिटरवर आली असे धरू. तीस मिनिटांचे काम. दहा मिनिटे चालवून पंधरा मिनिटे थांबावयाचे, म्हणजे तासाभराची निश्चिती. तेही यंत्र शेवटपर्यंत टिकले तर. अशा गाडीस धातूचे नळकांडे, मोटरचा दांडा थेट दट्ट्यास जोडलेला, आणि मिनिटास ७० लिटर किंवा त्याहून अधिक हवा देणारे जड यंत्रच घ्यावे. त्याचे वजन चार-पाच किलो भरेल, किंमतही दुप्पट-तिप्पट पडेल. भाड्याच्या गाडीसाठी प्रत्येकाने ते घेण्याचे कारण नाही. दरवर्षी यात्रा काढणाऱ्या मंडळींत वर्गणीने एक असले म्हणजे पुरे.

परदेशातील फिरती घरे याहून मोठी असतात. त्यांच्या टायरांत ८० ते १०० पौंडांपर्यंतही हवा लागते. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले अमेरिकेत आहेत व सुटीत अशी गाडी घेऊन हिंडतात. त्यांनी तिकडून ‘फार उत्तम यंत्र आहे’ असे कळविले तर ते कोणत्या गाडीसाठी उत्तम हे आधी विचारावे. तिकडच्या मोठ्या यंत्राला जी विजेची सोय लागते ती आपल्या लहान मोटारीत नसते.

विजेचा हा विषय थोडा उलगडून सांगितला पाहिजे. मोटारीत सिगारेट पेटविण्यासाठी म्हणून जे सॉकेट असे, व ज्याचा उपयोग आता मोबाइल चार्ज करण्यास होतो, त्यातून १२ व्होल्टची वीज मिळते. त्यास संरक्षक फ्यूज असतो, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. यापेक्षा अधिक वीज ओढणारे यंत्र त्या सॉकेटात लावले की फ्यूज उडतो, आणि मग हवाही नाही व मोबाइलही नाही. सबब यंत्रावर अँपिअरचा आकडा पाहावा, गाडीच्या पुस्तिकेत फ्यूजचा आकडा पाहावा व दोहोंची गाठ घालावी. वर वर्णिलेली जड यंत्रे २० ते ३० अँपिअर ओढतात. ती सॉकेटास लावावयाची नसतातच. त्यांना दोन चिमटे असतात, ते बॉनेट उघडून थेट बॅटरीस जोडावयाचे, लाल चिमटा अधिक खुणेस व काळा उणे खुणेस. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे, नाहीतर टायर भरतील व बॅटरी रिकामी होईल. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कदापि करू नये. त्या धुरातील वायूस वास नसतो व तो प्राणघातक आहे.

अलीकडे बिनवायरची, आतच बॅटरी असलेली यंत्रे पुष्कळ खपतात. ती सुटसुटीत आहेत, मागच्या चाकापर्यंत वायर ओढावी लागत नाही, आणि भगिनींनाही सहज हाताळता येतात, हे आम्ही मान्य करतो. येथेही मात्र आकड्यांचा खेळ आहे. एका खोक्यावर ‘६००० मिलिअँपिअर-तास’ असते, शेजारच्यावर ‘२०००’. पहिले तिप्पट मोठे असे वाटून त्यास अधिक पैसे दिले जातात. वस्तुतः पहिल्याने ३.७ व्होल्टच्या तीन घटांची बेरीज छापलेली असते, आणि दुसऱ्याने तेच तीन घट एकामागे एक जोडून ११.१ व्होल्टवर मोजलेले असतात. गुणाकार करून पाहा, दोन्हीत साठा एकच, सुमारे २२ वॅट-तास. एकाने भाव किलोत सांगितला व दुसऱ्याने मणात, इतकाच फरक. म्हणून वॅट-तास हेच माप विचारावे. शंभर वॅट ओढणारी मोटर २२ वॅट-तासांवर तेरा मिनिटे चालेल, तीही बॅटरी नवी व पूर्ण भरलेली असेल तर. चार टायरांस वरचे वर हवा देण्यास ते पुरेसे आहे. पूर्ण बसलेला मोठा टायर दोनदा भरण्याची वेळ आली तर नाही. आमची निवड विचाराल, तर बॅटरीवर चालणारे व सॉकेटावरही चालणारे असे दुहेरी यंत्र आम्ही पसंत करू, आणि तसे न मिळाल्यास साधे वायरचे. गाडीची बॅटरी प्रवासात आपोआप भरत राहते. यंत्राची भरली आहे की नाही याची आठवण माणसास ठेवावी लागते, आणि यात्रेच्या आदल्या रात्री घरात काय गडबड असते हे आम्ही सांगावयास नको.

यंत्रावर बसविलेल्या काट्यावर पूर्ण विसंबू नये. हवा वाहत असताना तो काटा नळीतला दाब दाखवितो, टायरातला नव्हे. म्हणून तो थोडा जास्तच दिसतो. यंत्र थांबवून मग वाचावे. इच्छित आकडा ठरविला की आपोआप थांबणारी यंत्रे सोयीची खरी, तरीही एक स्वतंत्र, हातात मावणारा दाबमापक वेगळा घ्यावाच. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वखारीत काटा असतानाही आपण त्याची वजनमापे खात्याकडून तपासणी करवून शिक्का घेतो, ते उगाच नव्हे. एका पेट्रोल पंपावर ३३ म्हणून भरून घेतलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मापकावर २७ निघाली होती. चारही टायरांत तेवढीच, म्हणजे गळती नव्हे, काट्याचाच दोष.

नळी व वायर यांची लांबी घरीच मोजावी. सॉकेट पुढे आणि बसलेला टायर मागे डावीकडे, असे धरून वायर पुरते का ते पाहावे. चिमट्याचे यंत्र असेल तर बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत किती अंतर होते तेही पाहावे. कॅराव्हॅनला दहा मीटरदेखील लागतात. तोंडाचा जोड आट्यांचा असावा, की खटक्याचा? आट्यांचा पक्का बसतो, पण काढताना थोडी हवा निसटते. खटक्याचा चटकन निघतो, पण हलका असला तर दाबाने उडतो. जोडचाकांत आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही, त्यासाठी जोडनळी वेगळी घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट : काम झाल्यावर नळीच्या टोकाचे पितळ चांगलेच तापलेले असते, मुलांना त्यास हात लावू देऊ नये.

काही सभासद विचारतात की याच यंत्राने मुक्कामावरची हवेची गादीही भरता येईल काय? टोके बरोबर मिळतात, त्यामुळे भरता येते हे खरे. पण हिशेब पाहा. दोन माणसांच्या गादीत ५०० लिटरांहून अधिक हवा मावते, दाब मात्र नाममात्र. मिनिटास ३० लिटर देणारे यंत्र तीवर पाव तासाहून अधिक काळ गुरगुरत राहील, तापेल, आणि धर्मशाळेत सामायिकास बसलेल्यांचे लक्ष विचलित होईल ते वेगळेच. गादीसाठी पंख्याच्या जातीचा, पुष्कळ हवा कमी दाबाने फेकणारा लहान पंप वेगळा मिळतो. तो स्वस्त आहे. त्याने मात्र टायर भरत नाही. ज्याचे काम त्याने करावे.

कॉम्प्रेसर काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ट्यूबलेस टायरात खिळा रुतला असेल तर तो रस्त्यात उपटून काढू नये. खिळा स्वतःच बुचाचे काम करीत असतो; हवा भरावी, सावकाश निघावे, दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून मापकाने पाहावे व पंक्चरवाल्याकडे पोहोचावे. बहुतेक वेळा सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठण्यास एवढे पुरते. भोक ट्रेडमध्ये असेल व हात बसलेला असेल तर चिकट दोरीच्या संचाने स्वतःही बुजविता येते. परंतु टायरची कड फाटली असेल, अथवा टायर रिंगवरून सुटून बसला असेल, तर लहान यंत्राने कितीही हवा मारा, ती आत राहणार नाही. तेथे स्टेपनी किंवा गाडी उचलून नेणारे वाहन, हेच दोन उपाय. म्हणून ज्यांच्या गाडीत स्टेपनी आहे त्यांनी कॉम्प्रेसर आला म्हणून ती घरी ठेवून तेथे सामान भरू नये, आणि स्टेपनीतही महिन्यातून एकदा हवा पाहावी.

नायट्रोजन भरलेल्या टायरात साधी हवा घालावी की नाही, असा प्रश्न नेहमी येतो. खुशाल घालावी. आपल्या सभोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

खरेदी पक्क्या बिलाने करावी. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत व तक्रारीसाठी संपर्क असणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आवश्यक आहे. ते नसेल तर दोनशे रुपये स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नये. यंत्र घरी आणल्यावर तसेच डिकीत टाकू नये. सकाळी थंड टायरातील पाच पौंड हवा सोडावी, यंत्राने भरावी, घड्याळ लावून वेळ पाहावी व मापकाने ताडून घ्यावे. परत करण्याची मुदत असते तोवरच ही परीक्षा झाली पाहिजे. घरातील मुलांनी व सुनांनीही एकदा स्वतःच्या हाताने हवा भरून पाहावी, कारण गाडीत चालक नेहमी तोच असेल असे नाही.

बॅटरीचे यंत्र उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत महिनोन् महिने ठेवू नये; उष्णतेने तिची शक्ती लवकर घटते. ते घरी सावलीत, सुमारे निम्मे भरलेले ठेवावे, दोन-तीन महिन्यांनी पाहावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भरावे. वायरचे यंत्र गाडीत राहिले तरी चालते. मात्र ते सामानाच्या तळाशी नसावे. टायर बसला असता लाडवांचे डबे, पूजेची पेटी व वळकट्या रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवाव्या लागल्या, तर यंत्राने वाचविलेला वेळ तेथेच खर्ची पडतो. चालकाच्या आसनाखाली, मापक व फ्यूजचा एक जादा नग यांसह, एका कापडी पिशवीत ठेवावे.